फट ठेवा, मेस्त्री

सड्यावर पवनचक्क्या फिरतात,
खाली किल्ल्याच्या कड्यावर समुद्र आपटतो,
आणि आम्हाला बघायचे आहेत अणू.
देवगडला प्रयोगशाळा मंजूर करताना
हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

म्हणून येसू मेस्त्रींना म्हटलं,
खोलीच्या मधोमध जांभ्याचा चौथरा बांधा,
पण भोवतीच्या फरशीला शिवू देऊ नका.
चारी बाजूंनी दोन इंच फट, फटीत कोरडी वाळू.
ते बघत राहिले माझ्याकडे,
चाळीस वर्षं फटी बुजवण्यात गेलेला माणूस.
"बाय, फट ठेवलंय म्हणान लोक माका हसतले."
तरी ठेवली. ओळंब्यात,
रागाने बांधल्यासारखी सरळ.

चौथऱ्यावर आता स्टीलचं जाड भांडं.
आत हवा नाही, खारं वारं नाही, गंज नाही;
अख्ख्या देवगडात अशी एवढीच जागा.
तिथे करंगळीच्या नखाएवढा धातू:
ॲल्युमिनियम, पॅलेडियम, मँगनीज.
आर्गॉनने खरवडला, तापवला, पुन्हा खरवडला,
सोळा दिवस.

सुया इम्तियाज सोलकर करतो.
टंगस्टनची तार कॉस्टिकात बुडवून
श्वास धरून बसतो,
तुटायच्या क्षणाला वीज बंद.
दहातल्या सात बोथट निघतात.
त्याही तो डबीत जपून ठेवतो,
का, ते मी विचारलेलं नाही.

सुई टेकत नाही कुठेच.
तिच्या आणि धातूच्या मध्ये जी फट,
तिच्यातून जराशी वीज पाझरते,
त्या पाझरण्यावरून कळतं
खाली खड्डा आहे की उंचवटा.

सव्वातीनला ओहोटी. पंखा बंद, चपला बाहेर.
एक ओळ. मग एक ओळ. मग एक.
आधी पायऱ्या दिसल्या, दोनच मापांच्या:
उंच, ठेंगणी, उंच, उंच, ठेंगणी,
उंच, ठेंगणी, उंच...
मी पुटपुटत गेले, कधीतरी पाढा फिरून
पहिल्यापाशी येईल म्हणून.
आला नाही.
मग पायरीच्या सपाटीवर
पाच टोकांचे काळे तारे,
सगळे एकाच रोखाने.

सकाळी मेस्त्री उरलेल्या पैशांसाठी आले.
मी छापलेलं चित्र पुढे केलं,
पेन्सिलीने पंचकोन जोडून दाखवले.
त्यांनी चष्मा काढला, सवयीने गुण्याही काढला,
स्वतःशीच हसून परत ठेवला.
"पाचकोनी फरशी बसाची नाय गो.
खंयतरी फट ऱ्हवतलीच."
राहते, म्हटलं. त्या फटींचे आकार तीनच:
हा तारा, ही शंकरपाळी,
आणि हिला आमच्यात होडी म्हणतात.

होडीवर त्यांचं बोट बराच वेळ.
"एक नक्षी फिरान येता काय खंय?"
कुठेच नाही.
"आणि सांधो?"
एकही चुकलेला नाही.
"मगे ह्यां कोणी बसयल्यान?"
वितळलेलं निवत जाताना आपोआप, मी म्हणाले,
आणि मलाच ते उत्तर
उधारीवर घेतल्यासारखं वाटलं.

चित्राच्या वरच्या कडेला एक पुसट सुरकुती आहे.
पाचनंतर चढत गेलेल्या भरतीची.
मेस्त्रींच्या वाळूलाही ती पुरती अडली नाही.
संगणकावर एका मिनिटात काढता येते.
"ऱ्हवांदे," ते म्हणाले,
आणि चित्र घडी न घालता घेऊन गेले.

दीड दिवसाची मजुरी अजून द्यायची आहे.