पोतं उतरवल्यावर

तितरमारे सर म्हणाले, हा चालत नाही, हा सरकतो.
स्क्रीनवर माझा हमाल
पाठीवर पोतं घेऊन निघाला होता,
पोत्यात जणू मुरमुरे.

धरमपेठेत मिठाईच्या दुकानावर आमचा वर्ग,
जिन्यात कायम संत्रा बर्फीचा वास.
सर पुण्याला होते चार वर्षं.
त्यातली दोन त्यांनी नुसतं गवत केलं,
कोणाच्या तरी खेळातलं,
ज्यावरून घोडे जातात
आणि खेळणारा खाली बघत नाही.
म्हणून सरांना खालचंच आधी दिसतं:
टाच, सावली, अंगठ्याची पकड.
"वजन नाही याले," म्हणाले. "पाहून ये."

आता वजन कुठे पाहायला मिळतं?
व्हिडिओतला माणूस म्हणाला, बारा फ्रेमा.
टेकला, दबला, ओलांडला, उठला.
वहीत लिहून भोवती चौकट काढली.
हमाल सरकतच राहिला.

मे महिना. पारडीतल्या आमच्या दोन खोल्यांत
एक कूलर आणि एक मशीन,
बर्डीवरून आणलेलं जुनं कार्ड टाकून जोडलेलं,
तापलं की न सांगता बंद पडणारं.
बाबांनी दोन दिवस काही म्हटलं नाही,
तिसऱ्या दिवशी खाटा गच्चीवर नेल्या.
"तुह्या डब्ब्याले राहू दे हवा."
वर सगळे डास मारत,
खाली वाळ्याच्या वासात आम्ही दोघं,
मी आणि डब्बा.

पहाटे पाचला कळमन्याला गेले.
मिरचीचा माल उतरत होता.
शिंकत शिंकत एका ट्रकमागे उभी राहिले.
मन्साराम उईके, रामटेककडचे,
वय विचारलं तर म्हणाले, "लिहा पन्नास."
जरा चालून दाखवता का, म्हटलं.
"चालूनच तं राहिलो, बाई."
मोबाइलमध्ये चाळीस खेपा घेतल्या,
एकेचाळिसाव्या वेळी डोळे इतके चुरचुरले
की बोट भलतीकडेच पडलं.

घरी एकेक फ्रेम पुढे ढकलली
तेव्हा दिसलं,
वजन पोत्याच्या आधी येतं.
हात लागायच्या आतच मान आखडते,
तोंड मिटतं, उजवा पाय जागा चाचपतो.
सात फ्रेमा काहीच घडत नाही,
आणि मी नेमक्या त्याच सात
फालतू म्हणून कापल्या होत्या.

आणखी एक.
थप्पीवर पोतं टाकून परत येताना
चार पावलं ते वाकडेच चालतात.
पाठ रिकामी, खांदा अजून तिरका.
पाचव्या पावलाला अंगाला बातमी लागते.
मग ते खर्र्याची पुडी काढतात.

मी ती चार पावलं करायला घेतली.
अकरा रात्री.
कमरेचा सांधा फिरवायचा, मग मणक्याचे तीन,
वक्राची रेघ ओढायची, सैल सोडायची,
बरी दिसली की जास्तच बरी दिसते म्हणून मोडायची.
पोतं दृश्यातून काढूनच टाकलं.

सरांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं.
चहा आला, त्यावर साय धरली.
"आत्ता काय ठेवून आला हा?"
मिरची, म्हटलं.
ते हसले नाहीत.
स्क्रीनजवळ वाकले,
गवत केलेले डोळे बारीक करून:
"डावा पाय फरशीत जाते. तिसऱ्या पावलाले. दीड इंच."

रात्री परत कूलर, परत मी.
जिन्यातून आईचा आवाज आला,
"झालं का वं तुह्या मानसाचं?"
नाही ना, पाय बुडते त्याचा.
"मंग काढ वर," ती म्हणाली,
आणि कूस बदलली असावी,
गच्चीवर खाट करकरली.