शुक्रवारचा प्रश्न

आमच्या बेटावर प्रभुभोजनाआधीचा शुक्रवार
प्रश्नाचा असतो.
कुणी एक म्हातारा उठून विचारतो,
खऱ्या विश्वासाची खूण काय?
मग पाळक एकेकाचं नाव घेतात
आणि त्यानं उभं राहून सांगायचं.

एकोणतीस वर्षं मी सांगत आलो.
डोळे मिटून, गॅलिकमध्ये, सावकाश,
शब्दाच्या शेवटी थोडा श्वास सोडून.
मागच्या बाकांवर रुमाल निघायचे.
घरी जाताना मी ते
मनातल्या मनात मोजायचो.

मी मंडळीचा वडील.
भोजनाला कोण लायक, ते आम्ही पारखतो,
आणि लायक असेल त्याच्या तळहातावर
शिशाचा एक जुना बिल्ला ठेवतो.
डोलिनाच्या हातावर कधीच ठेवला नाही.
तिनं मागितलाच नाही.
अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, दर रविवारी शेगडीजवळच्या बाकावर;
सगळे मेजाकडे उठले की ही बसून राहायची,
मांडीवर हातमोजे सारखे करत.
"मी कुठली लायक, फिनले," एकदा म्हणाली होती.
मी मान हलवली.
मला ते पटलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी मेंढी चुकली म्हणून
माळावर चढलो, तेव्हा ती दिसली.
जुन्या बाबागाडीत पीटच्या विटा रचून
ती चिखलातून ढकलत चालली होती,
एक चाक वाकडं, दर चार पावलांवर थांबून.
टोरमॉडच्या दाराशी गेली.
विटा भिंतीला लावल्या, एकावर एक, कडा जुळवून,
दार न वाजवता परतली.

टोरमॉड माझा भाऊ.
छाती गेलेली त्याची; यंदा पीट कापायला
तो माळावर आलाच नाही.
मला दिसलं होतं.
त्याचा कापा रिकामा, गवत माजलेलं,
रोज शेजारूनच जायचो मी.
आमच्यात बोलणं नाही.
वडील गेल्यावर तारेचं कुंपण
तीन वीत सरकलं. कुणी सरकवलं
हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

मी दगडी बांधाआड खाली बसलो,
मेंढी शोधतोय असं
स्वतःलाच दाखवत.

शुक्रवारी पाळकांनी माझं नाव घेतलं.
उभा राहिलो, डोळे मिटले.
"पहिली खूण," म्हणालो,
आणि पुढे ते वाकडं चाक आलं.
कुरकुरत आलं, थांबलं, पुन्हा आलं.
वारा छपराखाली शिरून बाहेर पडला.
"मला माहीत नाही," म्हणालो, आणि खाली बसलो.

रुमाल निघाले.
एवढे कधीच निघाले नव्हते.
दारात पाळकांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला:
फिनले, किती ही नम्रता,
तुझी आजवरची सगळ्यात खोल साक्ष.
आणि देवा, तूच बघ,
क्षणभर मला बरं वाटलं.

शनिवारी पोतं भरलं.
माझ्याच ढिगातलं, वरचं कोरडं कोरडं.
तिथंही हात चपापला एकदा,
खालचं ओलसर दिलं तर काय बिघडतं म्हणून.
खांद्यावर घेतलं. कुंपणाला वळसा घालून गेलो;
वर्षांपूर्वी ओलांडून जायचो.

भांडणाला अकरा वर्षं झाली.
टोरमॉडचा कुत्रा नऊ वर्षांचा आहे.
फाटकाला हात लावला तसा तो उठला
आणि भुंकायला लागला,
चोरावर भुंकावं तसा, दात दाखवून, न थांबता.
माझं नाव सांगून काही उपयोग नव्हता.

खिडकीत दिवा होता.
पडदा हलला की वाऱ्यानं हलला,
कळलं नाही.
पोतं खांद्यावर जड होत चाललं,
बिल्ले खिशात एकमेकांवर वाजले,
आणि मी तिथंच उभा,
आत कुणी विचारेल,
कोण आहे?