पहिले पाचशे बारा

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीत
सकाळी दहापासून काळ्या पडद्यावर
एक पांढरी रेघ लुकलुकते आहे.
पुढे काही नाही.

सेक्रेटरी चोगले म्हणतात,
"गो बाय, डिस्का दोन हायत ना?
एक गेली तर दुसरी, असं बोललेलीस तू."
बोलले होते.
तीन वर्षांपूर्वी, याच पंख्याखाली.

गेलेली हातात घेते.
खारी हवा आत कुठून शिरली कोण जाणे,
जोडणीच्या दातांवर हिरवट बुरा,
होडीच्या तांब्याच्या खिळ्यांवर धरतो तसा.

दुसरी ठणठणीत.
पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं, अर्धी जोडी उभी केली,
तर सगळं जिथल्या तिथे:
दोनशे बारा बोटी, त्यांचे नंबर,
डिझेल परताव्याची सोमवारी पाठवायची यादी,
बर्फाची उधारी,
आणि रशिदा हमदुलेनं मार्चमध्ये टाइप केलेला,
कधीच न दिलेला राजीनामा.
उघडला नाही मी. फाइलचं नाव दिसलं तेवढंच.

सगळं होतं तिच्याकडे.
उठायचं कसं, तेवढं माहीत नव्हतं.

हा आरसा पहिल्या पार्टिशनपासून सुरू होतो.
त्याच्या वरचे पाचशे बारा बाइट ज्याचे त्याला.
सटवाई एकेका पोराच्या कपाळावर लिहिते म्हणतात,
तसा बूटलोडर लिहावा लागतो
एकेका डिस्कवर, वेगळा.
या आरशात कपाळ येत नाही.

त्या दिवशी इन्स्टॉलरनं विचारलं होतं: कुठे बसवू?
खाली दोन नावं.
दापोलीची शेवटची गाडी सहाची.
मी वरचं नाव निवडलं
आणि पिशवी उचलली.

तीन वर्षं दोनशे बारा बोटी
माझ्या त्या घाईला बांधलेल्या,
आणि मशीन रोज सकाळी सुरळीत उठायचं
म्हणून कुणाला कळलं नाही.
मलासुद्धा.

रशिदा चहा ठेवते. "नक्की काय झालेलं?"
"समुद्राची हवा," मी म्हणते.
खोटं नाही.
जोडीतलं एक.

नवी डिस्क लावली. आकडा चढू लागला.
चौतीस टक्क्यांवर किनाऱ्यावर लिलावाची ओरड उठली,
ब्याण्णववर थंडावली,
बैलगाड्या वाळूतून वर आल्या.

ग्रब बसवला. पहिलीवर.
मग दुसरीवर.
मग पहिलीची वायर काढली. उठलं.
ती लावली, जोडी जुळेपर्यंत थांबले,
दुसरीची काढली. उठलं.

"चालतंय तर कशाला उपटतेस गो?" चोगले दारातून.
काय सांगणार.

बिलात लिहिलं: डिस्क, एक.
बूटलोडर बसवणे, शून्य रुपये.
ते सूट समजले,
खूश होऊन सोड्यांची पुडी दिली.
पिशवी घेताना रशिदाला तेवढं सांगितलं,
चूक कुणाची होती ते.
ती काही बोलली नाही.

सहाची गाडी केव्हाच गेली होती.
तिनं मागच्या दाराला कडी घातली,
पुढच्याला कुलूप,
चार पावलं चालली,
परत फिरली
आणि दोन्ही दारं ओढून पाहिली.