पश्चिमेची भिंत

आंतोन पेंटर शेडकार्ड उघडतो तेव्हा ते
पत्ते पिसायला घेतल्यासारखं पसरतं.
त्याच्या अंगठ्याच्या नखात मात्र एकच रंग,
कुणाच्या तरी खिडकीचा हिरवा,
कधीचा, ते त्यालाही आठवत नाही.

"सहारा सँड," तो वाचतो. "मॉर्निंग मिस्ट."
आचऱ्यात बसून आम्ही सहारा निवडतोय.
बोटाएवढी चौकट भिंतीवर टेकवायची,
डोळे बारीक करायचे
आणि तेवढ्यात अख्खं घर बघायचं,
मुलगी बघायला आलेले लोक
पोह्यांवरून संसार बघतात तसं.

पुण्याहून तनयचे फोटो:
लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या,
एकीत एक अडकणाऱ्या. पंधरा वर्षांची हमी.
वाळवी नाही, शेवाळ नाही.
"आई, राखाडी घे, सध्या सगळे राखाडीच घेतात."
मी कळवते, आषाढात इथे
आभाळ, समुद्र, कौलं, म्हशी
सगळं फुकटात राखाडी असतं.
तो हसणारं तोंड पाठवतो,
पाठोपाठ हमीपत्र.

हे म्हणतात, चिरा उघडाच ठेवू.
शोभतो की तांबडा चिरा, रिसॉर्टच्या कुंपणाला.
आमचा भोकाभोकांचा,
चार महिने पाणी पितो
आणि दिवाळीपर्यंत आतल्या बाजूने ओकत बसतो.
मग पोपड्यांवर मिठाची फुलं येतात.
चाखून पाहिली आहेत मी, बोट लावून,
पन्नाशी उलटल्यावर.

तीन भिंतींचं काही नाही,
तिथे काहीही खपेल.
अडलंय पश्चिमेपाशी.

तिला सासरे झाप बांधायचे,
झावळ्या विणून, मृगाच्या आत.
मग पत्रा आला, रात्रभर दात वाजवणारा.
मग निळी ताडपत्री. ती एका वादळात
शेजारच्या चिकूवर जाऊन बसली
आणि तिथेच नांदली.
दर वर्षी वेष्टण सोडलं की
आतून तोच पिवळा,
चुन्यात रामरज कालवून सासऱ्यांनी दिलेला.
प्रमाण त्यांनी कुणाला सांगितलं नाही,
कुणी विचारलंही नाही.

झिलू तांडेल बांगडे घेऊन आला.
त्यानेही शेडकार्ड उलटंसुलटं केलं.
"पिवळो जातलो?"
मी म्हटलं, बघू.
"नाय, देवळाचो कळस आणि तुमची भित
एकावर एक इली काय खाडयेचा तोंड समोर.
बापूस माझो तसोच घराक येय."
मग स्वतःच म्हणाला,
"आता जीपीएस आसा. मारा व्हयो तो रंग."
पण बांगडे मोजताना दोनदा चुकला.

एकतीस वर्षं झाली या घरात.
दार पूर्वेला, तुळस पूर्वेला,
पाहुण्यांचे फोटो पूर्वेला.
पश्चिम म्हणजे मागची बाजू,
तिथे फुटकी घमेली, राखेचा डबा,
भिजकी पायपुसणी.
आणि पाण्यावरची माणसं
आमचं घर एवढंच ओळखतात.
पाठमोरं.

त्या संध्याकाळी ओहोटीला
मी चपला हातात घेऊन पाण्याच्या रेघेपर्यंत गेले
आणि वळून बघितलं.
माडांच्या फटीत पिवळं काहीतरी,
एवढंसं. शेडकार्डातल्या चौकटीएवढं.

आंतोनने भिंत नखाने खरवडली.
खाली पिवळा, त्याखाली आणखी पिवळा,
मग चिरा.
"हा कार्डात गावणार नाही, बाय,"
तो म्हणाला, आणि बादली मागितली.
तीन वेळा कालवलं. पहिला हळदीसारखा झाला,
दुसरा आजारी माणसाच्या डोळ्यांसारखा.
तिसरा वाळल्यावर बघू म्हणाला.

बाकी तीन भिंती तनयच्या,
मॉर्निंग मिस्ट. हमीशिवाय.

मागची दोरी मी फणसाकडे हलवली.
एवढी मोठी लाल चादर
दिवस कलताना त्या भिंतीवर नको.
झिलूकडे जीपीएस आहे, ठाऊक आहे मला.
तरी नको.