घाई न्हाई

आयर्विन पुलाच्या खांबावर आकडा चढतो,
त्रेचाळीस, त्रेचाळीस आणि चार इंच,
आणि माझ्या पडद्यावर निरोप येत राहतात :
भिलवडी, मौजे डिग्रज, हरिपूर, सांगलीवाडी.
जनरेटर लावला की नियंत्रण कक्षात
आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही.

यंत्राला मी उन्हाळ्यात शिकवलं.
मागच्या पुरांतले नऊ हजार निरोप,
एकेकाच्या कपाळाला टिकली लावत गेले :
तातडीचं. मदत हवी. माहिती. इतर.

"पाणी आलं" इथंच पहिल्यांदा अडले.
ऑगस्टात ती किंकाळी,
मेमध्ये गल्लीभर बादल्यांचा आवाज.
कुणीतरी लिहिलेलं, "पाणी आलं गं, ये लवकर."
तारीख नव्हती.
अर्धा तास बघत बसले, ती कुठं पळत होती,
नळाकडं की गच्चीकडं.

मग "दावी कापली".
यंत्र म्हणालं : जनावरं, माहिती.
मी खोडलं.
दावं कापणारा माणूस माहिती देत नसतो,
त्याच्या हातातलं सगळं सुटलेलं असतं.

आज रात्री, पावणेतीनला,
इरफान नदाफ बोटीच्या डिझेलचा हिशेब लावत होता
आणि मी, काही कारण नसताना,
खालचा ढीग उपसत होते.
त्यात हे सापडलं. शंभरात अकरा गुण. इतर.

"चुलीपतोर पानी आलंय. घाई न्हाई.
आदी मागल्या आळीची बाळंतीण न्या.
आमी दोगं भाऊ माळ्यावर हाय. बरं हाय.
भूपाल मगदूम."

घाई न्हाई. बरं हाय.
हे दोन शब्द बघून यंत्रानं त्याला तळाला ढकललं होतं.
त्याची चूक नाही.
नऊ हजारांत मीच त्याला शिकवलं होतं
की ज्याला घाई असते तो ओरडतो.
आमच्या घरात मात्र कुणी कधीच ओरडलं नाही.
वडील छातीवर हात धरून म्हणाले होते,
"जरा बसतो." तेवढंच.

इरफाननं बोट वळवली.
बाळंतीण आधी, मग हे दोघे,
कौलं काढून.

सकाळी शाळेच्या पडवीत भूपाल चहा फुंकत होता.
हळदीच्या अडतीवर तीस वर्षं तोलाईदार.
मी त्याला अकरा गुणांचं सांगितलं.
बशीतलं संपवून म्हणाला,
"काटा खोटं बोलत न्हाई, बाई.
पर माल वला हाय का सुका,
ते काट्याला कसं कळंल? मूठ घालावी लागती."
आणि अजून एक बिस्कीट मागितलं.

मी नवी टिकली लावली. यंत्र शिकलं.
इतकं शिकलं, की दुपारी सगळ्यात वर आलं
विट्याहून कुणाचंतरी,
"साखरपुड्याची घाई नाही, पाऊस उघडू दे."
शंभरात चौऱ्याण्णव.
इरफान हसला. मग मीही हसले,
तीन दिवसांत पहिल्यांदा,
आणि हसता हसता टेबलावर डोकं ठेवलं
ते तासभर उचललंच नाही.

एकोणचाळीसवर आकडा उतरला त्या दिवशी
भूपालचा आणखी एक निरोप आला.
"पानी गेलं. चिखल काडतोय. चुलीला तडा गेलाय.
सवडीनं या."

यंत्रानं लाल केलं : तातडीचं.
बोट मात्र किनाऱ्याला बांधून ठेवलेली.
बदलायला बोट पुढं गेलं माझं,
मग म्हटलं,
राहू दे.