हौदा

लाइल ह्रुस्काच्या लॉटवर आज दोनच उभे आहेत
माझ्या पैशात बसणारे.
एक मधल्या मापाचा, राखाडी,
एक लाख अडतीस हजार मैल पळालेला.
दुसरा पूर्ण मापाचा, आठ सिलिंडरचा, तीन वर्षांनी म्हातारा,
चाकांवरच्या कमानी गंजाने कुरतडलेल्या.
किंमत सारखीच.
तू ठरव, मार्व्हा, असं म्हणून लाइल कॉफी आणायला आत जातो.
त्याला ठाऊक आहे, मी लवकर ठरवणारी नाही.

नेब्रास्काच्या या भागात वाऱ्याला अडवायला
कुंपणाच्या तारेखेरीज काही नाही.
मी ट्रकच्या आडोशाला उभी राहते.
मोठ्याचा आडोसा मोठा.
एक गुण त्याला.

सव्वीस वर्षं मी घोड्यांना नाल ठोकते आहे.
सव्वाशे पौंडांची ऐरण, गॅसची भट्टी,
नालांच्या तीन पेट्या, कानशी, तिपाई,
आणि बिस्किट, जी कुत्री आहे
आणि पुढच्या सीटशिवाय कुठे बसत नाही.
एवढं मधल्यात मावतं.
मोठ्यात ऐरण दर वळणाला
या भिंतीवरून त्या भिंतीवर जाईल,
सगळे निघून गेल्यावर
मोठ्या घरात उरलेल्या माणसासारखी.

जुना ट्रक मोठाच होता.
प्लायवूडची अख्खी शीट त्यात पाय पसरून झोपायची.
पण दाराशी हत्ती झुलतोय म्हटल्यावर
गावातली प्रत्येक वरात त्याच्याच हौद्यातून निघते.
आयलीनचा पियानो. शाळेची बाकं.
प्रुइटच्या मोडलेल्या संसारातला त्याचा अर्धा
एका शनिवारी,
तिचा अर्धा पुढच्या.
मार्चच्या बर्फात जन्मलेलं वासरू तर पुढे, माझ्या पायांशी,
हीटर पूर्ण सोडून, आणि बिस्किट रुसलेली.
नाही म्हणायला मला कधी जमलं नाही,
आणि ट्रकनेही कधी साथ दिली नाही.
त्याच्यात सगळंच मावायचं.

मोठ्याचं दार उघडते.
चढण्याआधी गुडघा दोनदा विचारतो, नक्की?
सीटखाली पशुखाद्याच्या दुकानाची पावती,
लहान मुलीची पिवळी केसांची पिन.
मागे हौद्याच्या मधोमध ट्रेलर जोडायला पाडलेलं भोक,
कडा घासून घासून चकचकीत.
कुणीतरी काहीतरी जड
पुष्कळ वर्षं ओढत होतं.
मग एक दिवस ओढायचं थांबलं.
पिन मी जिथे होती तिथे ठेवते.

बिस्किट खाली उभी राहून वर बघते.
उडी मारत नाही. तिचंही वय झालंय.

लाइल दोन कप घेऊन येतो.
वर्षातून किती वेळा लागतो गं तुला मोठा हौदा?
माझ्यासाठी? दोनदा.
आणि लोकांसाठी?
हातमोज्यातली बोटं संपतात,
मी कॉफी पिते.

राखाडी घेतला.
घरी येताना चोवीस मैल मी बिस्किटपुढे सराव केला.
मावत नाही.
माफ कर, पण मावत नाही गं.
अगदी मनापासून आणलं असतं, पण आता मावतच नाही.
तिसरं जरा जास्त गोड झालं. ते काढून टाकलं.

शुक्रवारी रात्री आयलीनचा फोन.
घर विकलं गेलं. लेकीकडे चालली आहे, कर्नीला.
पलंग, कपाट, शिवणयंत्र.
पियानो नाही, तो चर्चला दिला.
उद्या जमेल?

शब्द ओठांवर तयार होते,
कानस मारून गुळगुळीत केलेले.
खिडकीबाहेर माझा नवा, जुना, आखूड हौदा
अंगणातल्या दिव्याखाली उभा होता.

मावत नाही, मी म्हणाले.
खरंच म्हणाले.
पलीकडे तिच्या रिकाम्या स्वयंपाकघरात
घड्याळ टिकटिकत होतं, ते अजून बांधलं नव्हतं.

दोन खेपा कराव्या लागतील, मी म्हणाले.
सातला येते.
कपाटाचे खण काढून ठेव.