शेवटी क्रियापद

वडगावात माझ्या खोलीच्या दोन्ही भिंतींपलीकडं माग चालतात.
एकतीस वर्षं मी मागच दुरुस्त केले.
मिनिटाला एकशे वीस धोटे.
दारात उभा राहून कानानं सांगायचो,
एकशे तीसवर गेलाय रे, आवर,
ताणा तुटेल.
छातीतल्या मागाला मात्र
कधी कान लावला नाही.

भाद्रपदात तो अडकला.
गणपती अजून मखरातच होते,
आणि मी नेहरूनगरच्या दवाखान्यात
छताचा पंखा मोजत पडलेला.

मग ही वीणा पट्टणशेट्टी, माझ्या धाकटीच्या वयाची.
कागदावर लिहिते: दोनशे वीस वजा अठ्ठावन्न.
'नूर अरवत्तेरडु,' स्वतःशी पुटपुटते,
मग माझ्यासाठी मराठीत, एकशे बासष्ट.
हे तुमचं छप्पर, काका.
याला डोकं आपटायचं नाही.
छपराखाली तिनं पेन्सिलीनं मजले पाडले, पाच,
आणि खालून दुसऱ्यावर बोट ठेवलं.
सत्त्याण्णव ते एकशे तेरा. तीन महिने इथं राहायचं.
वर कोण राहतं, विचारायचं नाही.

पण तुमच्या गोळीमुळं आकडा थोडा खोटा बोलतो, म्हणाली,
म्हणून चालताना बोलून बघा.
गाणं म्हणता आलं तर फारच सावकाश चाललाय.
अख्खं वाक्य आलं तर बरोबर.
नुसतं हं, हं यायला लागलं की थांबा.
कुठल्या भाषेतलं वाक्य, मी विचारलं.
हसली.
ज्यात जास्त भांडता त्यातलं.

तेव्हापासून पहाटे येळ्ळूरचा रस्ता.
मनगटाला जावयाचं जुनं घड्याळ,
बाजूला भरमा सांबरेकर, परीक्षक.
'औंदा भात कसं काय?'
मी सांगतो, बासमती कापून झाली,
मसूर पेरायला घेतलीय,
पाटलांच्या बांधावरून परत कोर्ट सुरू झालंय.
एकशे नऊ. भरमा मान डोलावतो.
चढाला लागलो की कळतं:
आपल्यात क्रियापद शेवटी येतं,
दम कमी पडला की तेच आधी सांडतं.
'पाटलांनी काल... बांधावर... दगड...'
एकशे अठरा.
काय केलं दगडाचं? भरमा विचारतो.
मी कन्नडात प्रयत्न करतो. तिथंही क्रियापद शेवटीच.
पाटलाचा दगड दोन्ही भाषांत हवेत राहतो.

फार सोसत नाही ही सावकाशी.
म्हशी पुढं जातात.
शाळेची पोरं सायकलवरून वळून बघतात.
जन्मभर मी घाम म्हणजे काम समजलो,
आणि ही मुलगी म्हणते, याच मजल्यावर
हृदय आपल्या भिंती रुंद करतं,
कुणाला न दिसता.

काल मी ऐकलं नाही.
राजहंसगडाच्या रस्त्याला भरतीची पोरं धावत आली,
अनवाणी, छातीवर घामाचे नकाशे,
तोंडात एकही शब्द नाही, मराठी नाही, कन्नड नाही,
पाचव्या मजल्यावर भाषाच नसते बहुतेक.
त्यांच्या मागनं मीही पाय उचलला.
दोन वळणं. घड्याळ थरथरलं.
एकशे एकतीस.
हा आवाज मला ओळखीचा होता.
पट्टा ओढल्यावर निघतो तोच.

थांबलो.
आयुष्यात पहिल्यांदा, काही तुटायच्या आधी.
कठड्यावर बसून आकडे उतरताना बघितले,
एकशे सव्वीस, एकशे वीस,
इथं क्षणभर वडगाव ऐकू आलं,
मग एकशे आठ.
मिनिटात तेवीस. वीणा म्हणते,
चढण्यापेक्षा हे उतरणं बघत जा,
हृदयाचं खरं वय तिथं लिहिलेलं असतं.
खाली येळ्ळूरची शेतं, एका बांधावर
पाटलाचा तो दगड असणार. दिसला नाही.

वरच्या वळणावरून भरमा ओरडला,
'बारो! येतोस न्हवं?'
मी म्हणालो, तू हो पुढं,
मी जरा बसून, पाणी पिऊन,
हा आकडा शंभराखाली आल्यावर,
पाटलांनी दगडाचं काय केलं ते सांगायला
येतो.